छंदाचा रकाना

लग्नाच्या बायोडेटातला सगळ्यात खोटा रकाना कुठला, असं कुणी विचारलं तर मी पगाराचं नाव घेणार नाही. पगाराची निदान चौकशी होते. उंचीत इंचभर इकडेतिकडे केलेलं असतं, ते समोरासमोर उभं राहिलं की कळतं. खोटा रकाना छंदाचा. वाचन, संगीत, प्रवास. मुलगी असली तर प्रवासाच्या जागी रांगोळी. देवास, इंदूर, धारकडच्या मराठी घरांतल्या स्थळांची वही मी बरीच वर्षं सांभाळते. आता वहीला व्हॉट्सॲपच्या ग्रुपची जोड आहे, फोटो झकास येतात, रकाना मात्र तोच. एवढी वाचणारी माणसं माळव्यात खरोखर असती, तर मराठी पुस्तकासाठी दर वेळी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याची वाट बघावी लागली नसती.

खरा छंद कळतो तो कागद देऊन झाल्यावर, आई उंबऱ्यापाशी चपला घालत असताना. "तसा एक नाद आहे हो त्याला. पण लग्न झालं की सुटेल." दारूबद्दल बोलावं तसा आवाज. नाद काय, तर मुलगा जुनी शाईची पेनं विकत आणतो, खोलून धुतो, वाकड्या निबा रात्री जागून सरळ करतो. किंवा मुलगी मोबाइलला भिंग लावून कंपाउंडच्या भिंतीवरचे कोळी टिपते आणि त्यांचे आठ डोळे कसे मांडलेत त्यावरून कोळ्याचं कुळ सांगते. तिच्या बायोडेटात "स्वयंपाकाची विशेष आवड". मुलाचा नाद घरचे लपवतात, मुलीचा खोडूनच टाकतात. मुलगा जरा तऱ्हेवाईक निघाला तर "फार हुशार आहे" म्हणून निभावून जातं. मुलीला ती सवलत नाही, आणि याचा मला राग येतो.

आजकालची मुलं अशांना "नर्ड" म्हणतात. आमच्या धारच्या घरी त्यांना दुसरं नाव होतं. आजोबा संध्याकाळी दिवा लावून झाला की दासबोध उघडत. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात रामदासांनी मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची वेगळी यादी दिली आहे: शिकलेला, बहुश्रुत, बोलतो नेमकं, पण अभिमान सुटलेला नाही. माझा एक काका तिकिटं गोळा करायचा. जेवायला हाक मारली तरी पाण्यात भिजवलेला लिफाफा सोडून उठायचा नाही. हा समास आला की आजोबा वाचता वाचता त्याच्याकडे बघत. तिकिटांत चूक काय, हे आजोबांनी कधी उघड सांगितलं नाही. पण त्यांचं म्हणणं मला कळायचं. एखाद्या गोष्टीत माणूस इतका बुडतो तेव्हा त्याचा "मी" फुगत जातो, आणि "मी" फुगला की देवालाही जागा उरत नाही आणि बायकोलाही. नामदेवांनी देवाकडे मागितलं तेही हेच, की विष्णुदासांना अहंकार शिवू नये. आजोबा वारीला गेलेले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

पण ज्या गावात बसून ते हे वाचत, त्याच गावच्या राजाने नेमकं उलटं लिहून ठेवलंय.

भोज परमार. राज्यकाळ साधारण 1010 ते 1055, राजधानी धार. गंगू तेल्याच्या म्हणीमुळे सगळ्यांना माहीत, पण त्याच्या नावावरची पुस्तकं कुणी चाळत नाही. याला छंद किती असावेत! राजमृगांक हा ग्रहगणिताचा ग्रंथ, शके 964 म्हणजे 1042चा. समरांगणसूत्रधार हा वास्तुशास्त्राचा, 83 अध्यायांचा. त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे: नाचणाऱ्या बाहुल्या, पाणी उडवणारे हत्ती, पोटात पारा तापवून उडणारा लाकडी पक्षी. आणि हे सगळं सांगून वर राजा म्हणतो की बांधणीची खोच मी मुद्दाम सांगत नाही. येत नाही म्हणून नव्हे, गुपित राहावं म्हणून. असा माणूस प्रत्येकाने एकदा तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी सोसलेला आहे. शृंगारमंजरीकथेत तर राजा यंत्रधारागृहात, म्हणजे कारंज्यांच्या घरात बसलेला आहे, आणि स्वतःचं वर्णन स्वतः करणं बरं दिसत नाही म्हणून ते एका यांत्रिक बाहुलीकडून करवून घेतो. भोपाळजवळच्या भोजपूरला त्याचं शिवमंदिर अर्धंच राहिलं. त्याचे नकाशे आजूबाजूच्या खडकांवर रेघांनी कोरलेले अजून दिसतात. इतके उद्योग अंगावर घेणाऱ्याचं एखादं काम अर्धं राहायचंच.

धारमध्ये भोजशाळेच्या खांबांवर नागाच्या वेटोळ्यांत कोरलेली वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय आहेत. शाळेत असताना मी ते पाहिले तेव्हा व्याकरणासाठी कुणी एवढी मेहनत घेतो याचंच नवल वाटलं होतं. तिथले शिलालेख 1903च्या सुमारास उजेडात आणले ते धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी. त्यांतल्या एका शिळेवर पारिजातमंजरी नावाचं नाटक कोरलेलं निघालं. चारांपैकी दोनच अंक हाती लागले. लेले म्हणजे आपल्यातलेच, नाद असलेले. त्या इमारतीवरून आज जे चालू आहे त्यात मी पडत नाही. मला तिथे व्याकरण दिसलं, एवढंच माझं म्हणणं.

तर भोजाचा सगळ्यात मोठा ग्रंथ शृंगारप्रकाश. 36 प्रकाश म्हणजे प्रकरणं. विषय प्रेम, आणि पहिली आठ प्रकरणं व्याकरणाची! शब्द म्हणजे काय, अर्थ म्हणजे काय, दोघांचा संबंध कसा, हे सगळं पार पडल्याशिवाय नायक-नायिकेची भेट नाही. मद्रासच्या व्ही. राघवन यांनी आयुष्याची बरीच वर्षं या एका ग्रंथात घातली. त्यांचं जाडजूड पुस्तक 1963चं. आमच्याकडे ते एका निवृत्त प्राध्यापकांनी कपाटासकट दिलं आणि मी ते निवांतपणी, पुष्कळ पानं गाळत वाचलं.

त्यातली जी गोष्ट माझ्या मनात घर करून बसली ती अशी. रस नऊ आहेत हे भोजाला मान्य नाही. रस एकच, शृंगार. बाकीच्यांना लोक रस म्हणतात ते वडावरच्या यक्षासारखं. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले म्हणून. आणि हा शृंगार म्हणजे तरी काय? भोज म्हणतो, अहंकार. आजोबांनी ऐकलं असतं तर चष्मा काढून ठेवला असता. माणसाच्या आत स्वतःच्या असण्याची एक गोडी असते, त्या गोडीमुळे तो जगात कशाने तरी खुलतो, आणि ती नसेल तर त्याच्यासमोर काहीही आणून ठेवा, तो कोरडाच. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर त्यातून राग, हसू, शौर्य, भीती असे सगळे भाव उठतात. तिसऱ्या पायरीवर हे सगळे पुन्हा एका प्रेमात जाऊन मिळतात. याला भोजाने दिलेला पुरावा मला फार आवडतो, कारण तो रोजच्या बोलण्यातला आहे. लढणाऱ्याला आपण रणप्रिय म्हणतो, थट्टा करणाऱ्याला परिहासप्रिय. म्हणजे शूराचं शौर्य पिकलं की त्याला लढण्याचं प्रेमच जडलेलं असतं. त्याला इंजिनप्रिय आणि कोळीप्रिय माणसं माहीत नव्हती, पण त्याच्या यादीत ती सहज बसली असती.

मग अडचण येते ती भोजाच्याच दुसऱ्या पुस्तकाची. पतंजलीच्या योगसूत्रांवर राजमार्तंड नावाची टीका आहे, तीही भोजाचीच. तिथे अस्मिता म्हणजे क्लेश. अविद्येपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाचा. एका ग्रंथात जे सगळ्या रसांचं मूळ, तेच दुसऱ्यात सुटकेच्या आड येणारं. पंडितांनी याचा मेळ घालण्याचे मार्ग काढले असतील. मला वाटतं, राजाला दोन्ही खरं दिसत होतं आणि दोन्ही लिहायला त्याच्याकडे ताडपत्रं भरपूर होती. शिवाय आपल्या संतांकडे नीट बघितलं तर त्यांनीही आपापला नाद सोडलेला नाही. सावता माळ्याला विठाई दिसली ती भाजीच्या वाफ्यात. नरहरी सोनाराने देवाशी बोलताना बागेसरी आणि मूस बाजूला ठेवली नाही. ज्याच्याजवळ "मी" म्हणून काही धडच नाही, तो देवाच्या पायांवर वाहणार तरी काय?

आता वहीकडे येते. काही वर्षांपूर्वी देवासचा एक मुलगा धारची मुलगी पाहायला गेला. मध्यस्थ म्हणून मी बरोबर. मुलाला रेल्वेचं वेड, आणि धार म्हणजे तेव्हा रेल्वे नसलेलं गाव. पोह्यांवर शेव, जिरावण, बाजूला जिलबी. आमच्या माळव्यातले कांदेपोहे असेच. मुलीच्या काकांनी सहज विचारलं, महूहून खंडव्याकडे जाणारी छोटी गाडी कशी आहे हो? झालं. पाताळपाणी ते कालाकुंडचा घाट, मीटर गेज, चाळीसाला एक असा चढ, म्हणून वर येताना गाडीच्या मागेही एक इंजिन. पुढचं ओढणार, मागचं ढकलणार, मधल्या डब्यांत कुणाला कळणारही नाही कोण जास्त कष्ट करतंय. दोन ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, त्यांनी शिट्टीवरून समजून घ्यायचं. सांगता सांगता त्याने पोह्यांच्या बशीच्या कडेने बोट चढवत नेलं, चमच्यापाशी वळण घेतलं. हा मुलगा आला तेव्हा खांदे पाडून बसला होता, आवाज घशातल्या घशात. घाट सुरू झाल्यावर त्याची मानसुद्धा लांब दिसायला लागली. मुलगी टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मावशी, तो बोलायला लागला ना, एकदम छान दिसायला लागला." मी मनात मुहूर्त बघायला लागले. "पण त्याने मला एक पण सवाल नाही विचारला." नकार.

त्या नकारात भोजाचं अर्धं शास्त्र आहे. पहिली पायरी खरी निघाली. माणूस सुंदर दिसतो तो स्वतःच्या गोडीत उभा असतो तेव्हा. नाक-डोळे तेच असतात, पण त्यांना काम मिळालेलं असतं. व्यायामशाळेत जाऊन कमावलेलं शरीर आणि मुलाखतीसाठी पाठ केलेला आत्मविश्वास यांना हे साधत नाही, हे मी इतक्या बैठकांत बसून खात्रीने सांगू शकते. पण तिसऱ्या पायरीवर प्रेम समोरच्याकडे वळायला हवं. भोज हे माझ्यासारखं सांगत नाही, तो थोर माणूस, त्याची तिसरी पायरी आणखी वर जाते. माझी इथेच, बैठकीच्या खोलीत राहते. नाद असलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली जमलेली असते: बारकाईने बघणं. ते बघणं इंजिनापाशीच थांबलं तर बायकोने काय करावं?

गोरोबाकाकांची कथा आपण तल्लीनतेची म्हणून सांगतो. माती तुडवताना नामात एवढे रंगले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलं तरी समजलं नाही. कीर्तनात पुढे मूल परत मिळतं आणि टाळ वाजतात. पण मधे संती आहे. तिने नवऱ्याला विठोबाचीच आण घातली की मला शिवायचं नाही. ही आण कीर्तनकार पटकन उरकतात. मला वाटतं, कुणाच्याही तल्लीनतेची किंमत घरातलं दुसरं कुणी देत असेल, तर ती भक्ती असो नाहीतर टपाल तिकिटं, जाब विचारण्याचा हक्क त्या दुसऱ्याचा आहे. आणि संतीने जाब विचारला तो देवाच्या नावाने, हे विशेष.

उलट टोक बघायचं तर मांडूला जावं, तेही धार जिल्ह्यातच. पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे गियाथशाह सुलतान होता, खाण्याचा नादी. त्याने राज्यकारभार बराचसा मुलावर सोपवला आणि निमतनामा नावाचं पाकक्रियांचं सचित्र पुस्तक करवलं: समोसे, विडे, अत्तरं. चित्रांत मिशीवाला सुलतान मधोमध आणि चहूकडे हातात भांडी घेतलेल्या बायका. एवढ्या बायकांत "आज मीठ जास्त झालंय" असं म्हणायची एकीची तरी टाप असेल? नाद सगळ्यांनी वाखाणावा अशी सोय झाली की तो कुणाशीच जोडत नाही. त्याच मांडूत पुढे बाजबहादूर आणि रूपमती झाले. तिथे दोघांनाही गाणं येत होतं, म्हणून ती कथा उरली. 1561मध्ये अधमखान आला, सुलतान पळाला आणि रूपमतीने विष घेतलं. दोघांचा छंद एक असला म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी शेवटचा भागही वाचावा.

आमच्या ह्यांचा नाद रेडिओचा. लग्न ठरलं ते 1980च्या दशकात, तेव्हा हे शॉर्टवेव्हवर देशोदेशीची केंद्रं पकडायचे. गच्चीपासून पेरूच्या झाडापर्यंत तांब्याची तार. केंद्र लागलं की तारीख, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ, किलोहर्ट्‌झमधला आकडा, कार्यक्रमात काय ऐकलं, आणि शेवटी पाच अंक. पहिला आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या केंद्राच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा, पाचवा एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काही खरं नाही. हे पत्र त्या केंद्राला पाठवायचं. पटलं की ते चित्राचं कार्ड पाठवत, कोलोनहून, हिल्वरसमहून, इक्वेडोरमधल्या कीटोहून. माझ्या आईला हे हेरगिरीचं प्रकरण वाटलं होतं.

साखरपुड्यानंतर ह्यांचं पहिलं पत्र आलं. त्यात आमच्या भेटीचा रिपोर्ट होता, रीतसर. आवाज 4. अडथळा 2, कारण दोन्ही मामा. खरखर 3, पंख्याची. चढउतार 4. एकूण 4. खाली लिहिलं होतं: "तुमच्याकडून कसं ऐकू आलं ते कळवावे." मी उत्तरात एकूण 3 लिहिलं आणि कारणं दिली. ते पत्र कीटोच्या कार्डाबरोबर डब्यात आहे. त्या रेल्वेवेड्या मुलाला मी नंतर हे सांगितलं. तो म्हणाला, "पण काकू, मला सुचलंच नाही की तिला पण काहीतरी माहीत असेल." पोरगं प्रामाणिक. पुढे त्याचं जमलं, उज्जैनची मुलगी; तिने पहिल्याच भेटीत त्याला मधे थांबवलं म्हणे.

भोजाशी माझं भांडण एका जागी आहे. ही आतली गोडी पूर्वजन्मींच्या संस्कारांतून, पुण्यातून येते, असं तो म्हणतो. सगळ्यांच्या वाट्याला ती नाही. राजाने असं म्हणणं सोपं आहे. इथे मला आजोबा जवळचे वाटतात, त्यांच्या पंगतीत नाम कुणालाही घेता येत होतं. देवासात राहून तर भोजाचं हे पटूच शकत नाही. 1948मध्ये कुमार गंधर्व इथे आले ते क्षयाने खचून. हवा कोरडी म्हणून देवास. गाणं बंद. अंथरुणावर पडून त्यांनी ऐकायला सुरुवात केली: बायका गातात ती माळवी गाणी, रस्त्यावरचे आवाज. बरे होऊन पुन्हा गायला बसले तेव्हा ती लोकगीतं त्यांच्या रागदारीच्या आत शिरलेली होती. पूर्वजन्मीचं काय होतं ते देव जाणे. कान या जन्मी, देवासात, आजारपणात तयार झाले.

वहीत मागे एक विधुर गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, कारखान्यात आयुष्य गेलेलं. छंदाच्या रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं होतं: काही नाही. मी म्हटलं, अहो निदान वाचन तरी लिहा. नाही म्हणाले. तो कागद एका बाईंनी उचलला. शाळेत शिकवत होत्या, पक्षी बघायचा जबर नाद, आधी आलेल्या दोघांनी दुर्बिणीवरून नाक मुरडलेलं. मी विचारलं, या माणसात काय पाहिलंत? म्हणाल्या, "निदान ऐकेल तरी." लग्न झालं. आता हिवाळ्यात दोघं इंदूरच्या सिरपूर तलावावर जातात. ती सांगते, तो वहीत चांदवे मोजून लिहितो. परवा दोघं घरी आली होती. त्याची मोजणी चुकते असं ती म्हणाली, आणि तो माणूस चहा थंड होईपर्यंत तिच्याशी वाद घालत बसला.